एक पडशी आणि बंगळूरचा मुक्काम

प्रवासाला निघताना बरोबर किती वस्त्रे घ्यावीत, हा प्रश्न घरगुती खरा. परंतु त्याला इतिहास नाही असे मात्र नाही. आम्ही मल्लेश्वरमला राहणारी मराठी माणसे. दसऱ्याच्या सुटीत जिंजीचा किल्ला पाहून यावा असे आमच्या घरी ठरले. प्रवास तीन दिवसांचा आणि माणसे चार. पण आदल्या रात्री बैठकीच्या खोलीत जी बोचकी जमली, ती पाहणाऱ्यास वाटावे की हे बिऱ्हाडच हलले आहे. एक स्वेटर ‘असू दे’ म्हणून, दोन साड्या ‘लागल्या तर’ म्हणून, एक जोडा ‘चुकून पाऊस आला तर’ म्हणून, असे करता करता चाकांच्या दोन पेट्या भरल्या आणि तिसरी उघडली गेली. कोपऱ्यात बसून हे सारे पाहणाऱ्या आजी तेव्हा म्हणाल्या, “अरे, ज्या किल्ल्याला तुम्ही निघालात, त्याच किल्ल्याला राजाराम महाराज गेले होते ना? त्यांच्या पडशीत काय होते रे?”

तिसरी पेटी तशीच उघडी राहिली. आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आम्हांस देता आले नाही. पुढे ते शोधू लागलो तेव्हा ध्यानी आले की, या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग जिंजीस नाही. तो आमच्या या बंगळुरासच आहे. त्याचेच थोडे विवेचन येथे करण्याचा विचार आहे.

प्रथम आमच्या वस्तीविषयी दोन शब्द. आजचे मल्लेश्वरम, त्याचे आखीव रस्ते आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे क्रॉस, ही सारी मांडणी १८९८ च्या प्लेगनंतर खऱ्या अर्थाने वसत गेली. जुन्या पेठेतील दाटीतून बाहेर पडून मोकळ्या हवेत राहावे, या हेतूने ही वाढीव वस्ती फुलली. परंतु तिला नाव मिळाले ते येथील जुन्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर तो काडु मल्लेश्वर. त्या काळी हे ठिकाण बंगळुरात नव्हते. बंगळुराबाहेरचे मल्लपूर नावाचे खेडे होते. १६६९ सालच्या शिलालेखात या मल्लपूरचा उल्लेख आढळतो. मल्लपूरच्या मल्लिकार्जुन देवास मेदरनिंगनहळ्ळि हे गाव दिल्याची ती नोंद आहे, आणि हे दान देणारे एकोजी राजे, म्हणजे शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, हे होत. मराठी माणसाने या देवळात पाऊल ठेवताना एवढे तरी स्मरावे.

भोसल्यांचा बंगळुराशी संबंध १६३८ पासूनचा. त्या वर्षी विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या प्रांतात आले, केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतले गेले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. येथे त्यांचा दरबार भरे. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात त्या दरबाराचे, तेथे जमलेल्या नाना भाषांच्या कवींचे वर्णन आहे. बाल शिवाजीही काही काळ या गावी होते. अर्थात बंगळूरचे हे मराठी घर ऐश्वर्याचे घर होते. तेथे शालू, शेले, जरीच्या पागोट्या यांना तोटा नव्हता. १६६४ साली शहाजीराजांचा अंत झाला. व्यंकोजींनी पुढे तंजावर आपले केले, आणि १६८७ साली बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या हाती गेले. हा सन वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण आमच्या कथेतील प्रवासी त्यानंतर दोनच वर्षांनी येथे येणार आहेत, आणि तेव्हा हे त्यांच्या आजोबांचे घर राहिलेले नाही.

या पुढील हकीकतीपूर्वी मराठ्यांच्या प्रवासाची रीत सांगणे अवश्य आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजी मुक्कामी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. त्यात लष्कराचे जे नियम दिले आहेत ते सामान बांधणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने वाचावेत असे आहेत. पावसाळा छावणीत काढून फौज दसऱ्यास बाहेर पडे आणि आठ महिने परमुलखात राही. निघतेवेळी लहानथोर प्रत्येकापाशी काय वस्तभाव आहे त्याची याद होत असे. परत येताना झाडा घेतला जाई आणि यादीहून अधिक जे निघेल त्याचा हिशेब सरकारात द्यावा लागे. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नेण्यास सक्त मनाई होती. यादीचा मुख्य हेतू लुटीचा अपहार होऊ नये हा होता, हे खरे. परंतु तिचा दुसरा परिणामही झाला. ज्याला निघताना आपल्या प्रत्येक वस्तूचे नाव कारकुनास सांगावे लागते, तो निरुपयोगी वस्तू घेत नाही. ‘असू दे’ आणि ‘लागले तर’ ही दोन नावे यादीत कोणता कारकून लिहील?

ही रीत कागदावरची नव्हती, याला परकीयाची साक्ष आहे. १६७७ साली शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर असता पाँडिचेरीचे फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तँ यांचा वकील त्यांच्या छावणीत जाऊन आला. मार्तँने आपल्या स्मरणिकेत त्याचा वृत्तांत नोंदला आहे. त्या छावणीत थाट नव्हता, स्त्रिया नव्हत्या, सामानसुमान नव्हते; तंबू होते ते दोनच, तेही लहान आणि जाड्याभरड्या कापडाचे, एक महाराजांचा व एक प्रधानाचा. दोन स्वारांमागे तीन घोडी असत, आणि त्यामुळे चाल वेगाची होई, असेही तो सांगतो. तीनच वर्षांपूर्वी, १६७४ साली, ज्यांचा राज्याभिषेक रायगडावर झाला होता त्या छत्रपतींचा हा मुक्काम होय. ऐश्वर्य घरी ठेवून निघता येते, हे त्यांनी करून दाखविले होते.

आता वस्त्रांविषयी. स्वाराचा वेष म्हणजे डोक्यास पागोटे किंवा मुंडासे, अंगात अंगरखा, खाली चोळणा, कमरेस गुंडाळलेला शेला आणि खांद्यावर घोंगडी. पाहू जाता ही यादी लहान दिसते. पण तीतील एकेक वस्त्र तीन-तीन कामे करणारे आहे. पागोटे उन्हात डोके राखते, तलवारीचा वार अडविते, विहिरीवर गेल्यास दोरीसारखे सोडून लोटा वर ओढते आणि जखम झाल्यास त्याचीच पट्टी होते. शेला कमर आवळतो, त्यात शिधा बांधला जातो, रात्री तो पांघरूण होतो. घोंगडीची तर गोष्टच वेगळी. पावसात तिची खोळ, थंडीत तिची शाल, मुक्कामी तिचेच अंथरूण, आणि घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली घातली तर त्याच्या पाठीस आराम. शिवलेले वस्त्र एका अंगासाठी आणि एका कामासाठी होते. न शिवलेले वस्त्र ज्याच्या हाती जाईल त्याच्या बुद्धीप्रमाणे रूप घेते. आपल्या पूर्वजांच्या हलक्या सामानाचे रहस्य वस्त्रांच्या संख्येत नव्हते. ते या बुद्धीत होते.

पायी जाणाऱ्या सामान्य यात्रेकरूचीही हीच रीत होती. वारकऱ्याच्या खांद्यावर पुढेमागे दोन कप्प्यांची पडशी असते. एकीकडे धोतर-सदरा, दुसरीकडे भाकरी आणि टाळ. अंगावरचे धोतर संध्याकाळी नदीवर धुवावे, पडशीतले नेसावे, आणि सकाळी वाळलेले पडशीत घालावे. दोन धोतरांत पंढरी होते. आषाढातला पाऊस वाळू देत नसेल तर ओलेच अंगावर वाळवावे. सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मणास आणखी एक अडचण असे. सुती वस्त्र रोज धुऊन कोणाचा स्पर्श न होता वाळले पाहिजे, आणि प्रवासात हे कोठून व्हावे? म्हणून तो धाबळी घेई. लोकरीचे वस्त्र धुतल्यावाचून सोवळ्यास चालते, एवढी सवलत शास्त्रानेच दिलेली. आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत पणजोबांची एक धाबळी अद्याप आहे. साताऱ्याकडून बंगळुरास येताना त्यांच्यापाशी एक वळकटी, एक तांब्या आणि ही धाबळी एवढेच होते, असे घरात सांगतात. लहानपणी आम्हांस ती गरिबीची खूण वाटे. आता वाटते, ती एका चांगल्या विचाराची खूण आहे.

असो. आता मूळ प्रवासाकडे वळू.

१६८९ चा मार्च महिना मराठी राज्यास काळासारखा आला. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगडास मोगलांचा वेढा पडला. येसूबाईसाहेब बाळ शाहूंसह गडावर राहिल्या आणि राजाराम महाराजांनी बाहेर पडून राज्य राखावे असे ठरले. महाराजांचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे. रायगडाहून प्रतापगड, तेथून पन्हाळा, असे ते सरकत गेले. पन्हाळ्यासही शत्रू भिडला तेव्हा दूर दक्षिणेत, शिवाजी महाराजांनी घेऊन ठेवलेल्या जिंजीस जाण्याचा निश्चय झाला. सप्टेंबरच्या अखेरीस मोजकी माणसे बरोबर घेऊन ते पन्हाळ्याहून निघाले. महाराजांच्या राण्या मागे राहिल्या; त्या पुढे जिंजीस आल्या. येसूबाई आणि शाहू मात्र रायगड पडताच मोगलांच्या कैदेत गेले. हलके निघणे म्हणजे काही मागे ठेवणे. आणि मागे ठेवायचे ते नेहमी कापडच असते असे नाही, हे या प्रसंगी विसरता येत नाही.

पुढची वाट आजच्या रस्त्याने आठशे किलोमीटरांहून अधिक. पाठीवर औरंगजेबाची फौज. या बादशहाची छावणी म्हणजे एक चालते शहर होते. काही वर्षांनी, १६९५ साली, जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगली येथे ती पाहून आला. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. एकीकडे तीस मैलांचे सामान आणि दुसरीकडे खांद्यावरच्या पडश्या, असा हा सामना होता.

वेष कोणता घ्यावा, हा प्रश्न आता कापडाचा राहिला नव्हता, प्राणांचा झाला होता. महाराज आणि त्यांचे सोबती यांनी लिंगायत यात्रेकरूंचा वेष घेतला. ही निवड करणाऱ्याच्या बुद्धीची तारीफ केली पाहिजे. पन्हाळ्यापासून तुंगभद्रेपलीकडे सारा मुलूख लिंगायत मठांनी भरलेला. यात्रेकरूंची टोळी तेथे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मठात गेल्यास दासोहाचे अन्न मिळते, म्हणजे शिधा वाहण्याचे ओझे वाचते. आणि वाटेत लागणाऱ्या बिदनूरचे राजघराणेही त्याच पंथाचे. त्या बिदनूरच्या राणी चेन्नम्मा यांनी महाराजांस आपल्या मुलखातून सुखरूप जाऊ दिले आणि त्यापायी बादशहाचा कोप व त्याची फौज अंगावर घेतली, हे प्रसिद्धच आहे. कानडी मुलखात वाढलेल्या आम्हां मराठी माणसांनी त्या राणीचे नाव आदराने घ्यावे.

त्या रात्री पडशी कशी भरली असेल? कानांतली भिकबाळी निघाली असेल, बोटांतल्या अंगठ्या निघाल्या असतील. पागोटे सोडावे लागले असेल. कारण त्या काळी पागोट्याच्या बांधणीवरून माणसाचा प्रांत आणि पेशा ओळखू येई. तलम अंगरख्याच्या जागी जाडेभरडे वस्त्र आले असेल, कपाळी भस्म आले असेल. दिवस परतीच्या पावसाचे, म्हणून घोंगडी सोडता येण्यासारखी नव्हती. आणि घोंगडी राजाच्या अंगावरही तीच, धनगराच्याही अंगावर तीच, म्हणून ती सोडण्याचे कारणही नव्हते. अशा तऱ्हेने वजन, हवा आणि ओळख या तिन्ही बाजूंनी विचार करून निवडलेले हे सामान होते. आजच्या विमानप्रवाशाने सात किलोच्या पिशवीसाठी करावा त्याहून किती तरी कठोर हिशेब तेथे झाला असला पाहिजे.

मजल दरमजल करीत ही मंडळी बंगळुरास पोहोचली. तुमकूरकडून येणारी आजची वाट यशवंतपूर आणि आमचे मल्लेश्वरम यांच्या बाजूने शहरात शिरते. त्या वेळी याच वाटेने ते आले असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु संध्याकाळी त्या रस्त्यावर उभे राहिले की खांद्यावर पडशी घेतलेली थकलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. ज्या गावी आजोबांचा दरबार भरत होता त्या गावी नातू अनोळखी यात्रेकरू म्हणून उतरला. वेष उत्तम होता, सामान हलके होते, बोलणे सावध होते. तरीही ओळख पटली, आणि ती कापडाने पटली नाही.

घडले ते असे. मुक्कामी पोहोचल्यावर सोबत्यांपैकी एकाने महाराजांचे पाय धुतले. घोड्यावर वाढलेल्या एकोणीस वर्षांच्या तरुणाचे पाय इतक्या दिवसांच्या चालीने सुजले असतील. सेवकाने नेहमीच्या आदराने पाणी घातले, नेहमीच्या आदराने पाय पुसले. पाहणाऱ्यांच्या मनात आले की, सारेच जर सारखे यात्रेकरू, तर एकाचेच पाय दुसरा असे का धुतो? हा कोणी मोठा माणूस असला पाहिजे. वार्ता येथील अंमलदाराकडे गेली. सुदैवाने मंडळींसही संशयाचा सुगावा लागला. महाराज एक-दोन माणसांनिशी पुढे निसटले; खंडो बल्लाळ आणि इतर मागे राहिले, पकडले गेले, त्यांचा छळ झाला. आम्ही यात्रेकरू आहो, यापलीकडे त्यांनी एक अक्षर काढले नाही. अखेर पकडणाऱ्यांचाच संशय फिटला आणि त्यांना सोडून देण्यात आले. ही हकीकत मराठ्यांच्या इतिहासपरंपरेत चालत आली आहे आणि रियासतकार सरदेसाई यांनीही ती स्वीकारली आहे. तिच्या तपशिलात चिटणीस घराण्याच्या अभिमानाची थोडी भर पडली असेल, असे एखादा चिकित्सक म्हणेल. ते म्हणणे आम्ही ऐकून घेऊ. परंतु पाय धुण्याची गोष्ट अशी आहे की, अभिमानी वंशज ती मुद्दाम रचणार नाही. कारण तीत चूक आपल्याच माणसांची आहे.

आमच्या मते हलक्या प्रवासाच्या साऱ्या इतिहासात या प्रसंगाएवढा बोधप्रद प्रसंग दुसरा नाही. पन्हाळ्यावर सारे काही मागे ठेवले गेले; अलंकार, घोडे, छत्र, चामर. एक गोष्ट मात्र कोणीही पडशीत घातली नव्हती आणि तरी ती बरोबर आली होती. ती म्हणजे सवय. वस्त्र उतरविता येते, हात ज्या रीतीने जोडले जातात ती रीत उतरविता येत नाही. तिचे वजन ज्याच्या अंगी असते त्याला जाणवत नाही. ते पाहणाऱ्याला जाणवते.

येथे एक गोष्ट मनात येते. लिंगायत धर्मात जंगमाचे पाय धुऊन ते पादोदक म्हणून घेण्याचा आचार आहे. त्यांच्या अष्टावरणांपैकी ते एक. मग महाराजांनी साध्या यात्रेकरूऐवजी जंगम स्वामींचा वेष घेतला असता आणि बाकीचे शिष्य झाले असते, तर तीच सेवा, तेच पाणी कोणास खटकले नसते! वेष असा निवडावा की आपली न सुटणारी सवय त्यात सामावून जाईल. परंतु लगेच दुसरी बाजूही दिसते. स्वामी आले म्हटल्यावर गावोगावची माणसे दर्शनास आली असती, प्रश्न विचारले असते, आशीर्वाद मागितले असते. आणि रायगडावर वाढलेल्या तरुणाने त्यांना काय उत्तर दिले असते? साधेपणाने माणूस झाकतो, पण साधेपणा अंगी बाणावा लागतो. मोठेपणाने सवय झाकते, पण मोठेपणाकडे डोळे लागतात. यांतील कोणता मार्ग बरा, हे घरात दिव्याखाली बसून ठरविणे सोपे आहे. पन्हाळ्याला वेढा घातलेला असताना ते ठरविणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही.

मराठ्यांना ही हलकेपणाची विद्या पुढे कायम राखता आली नाही, हेही सांगितले पाहिजे. १६८९ नंतर सात दशकांनी सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले तेव्हा फौजेबरोबर कुटुंबे होती, तीर्थयात्रेची हौस असलेली मंडळी होती, बाजारबुणगे होते. जड सामान आणि बायकामुले मागे सुरक्षित ठेवून हलक्या फौजेने लढावे, हा सुरजमल जाटाचा सल्ला मानला गेला नाही. पानिपतच्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत आणि एकट्या सामानावर तो दोष टाकणे अन्यायाचे होईल. तरी १७६१ च्या जानेवारीत उपाशी फौजेच्या मागे जो न लढणारा समुदाय होता, त्याच्याकडे पाहताना सभासदाने नोंदलेली ती वस्तभावाची यादी आठवल्यावाचून राहत नाही. बुणगा हा शब्द आपण आज सहज वापरतो; तो किती महाग पडला होता याची आठवण आपणांस क्वचितच होते.

तर मग, सगळेच टाकावे हा यातील बोध काय? तसे आम्हांस वाटत नाही. आणि त्यासाठी आणखी एका प्रवाशाची साक्ष काढतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून आपल्या काकांबरोबर उत्तरेस गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते होते. लुटालूट त्यांनी पाहिली आणि सोसली. मिळविलेला पैसा हातचा गेला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला, तो वाचकांच्या परिचयाचा आहेच. या गृहस्थाने परतताना काय आणले? गंगेच्या पाण्याची कावड. प्रवासात पाण्याएवढे गैरसोयीचे ओझे दुसरे नाही. ते सांडते, त्याचे वजन कमी करता येत नाही, त्याची घडी घालता येत नाही. तरी आईबापांस गंगास्नान घालायचे म्हणून त्यांनी ती कावड खांद्यावर घरापर्यंत आणली. ज्याने बाकीचे सारे गमावले त्याने हे एक सोडले नाही. हलका प्रवासी तो, ज्याला आपले न टाकण्याजोगे ओझे कोणते हे ठाऊक असते.

हे ध्यानी घेऊन पुन्हा बंगळूरच्या त्या मुक्कामाकडे पाहिले की, त्या प्रसंगाचे रूप पालटते. ज्या हातांनी पाय धुतले त्या हातांनी चूक केली, यात संशय नाही. परंतु ते पाय धुविले ज्या निष्ठेने, तीच निष्ठा दुसऱ्या दिवशी छळ सोसताना तोंड मिटून बसली. खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी यांस १६८१ साली संभाजी महाराजांच्या आज्ञेने हत्तीच्या पायी देण्यात आले होते. अशा पित्याच्या पुत्राला त्या घराण्यासाठी गप्प राहण्याचे काही कारण होते काय? एक शब्द उच्चारला असता तर सुटका होती, इनाम होते, पित्याचा सूडही होता. तो शब्द निघाला नाही. तेव्हा पन्हाळ्यावर जी गोष्ट पडशीतून काढून ठेवावयास हवी होती असे आम्ही म्हणालो, ती काढून ठेवली असती तर बंगळुरास संशय आला नसता, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, संशय आल्यावर वाचविणारे मग कोणी उरले नसते. दगा देणारी सवय आणि तारणारी निष्ठा ही एकाच घोंगडीची दोन टोके होती.

नोव्हेंबरच्या आरंभी राजाराम महाराज जिंजीस पोहोचले. तेथे राजधानी उभी राहिली, तेथून सनदा सुटल्या, संताजी आणि धनाजी यांनी मोगलांची तीस मैलांची छावणी जागच्या जागी हैराण केली. जिंजीचा किल्ला जिंकण्यास मोगलांना १६९८ साल उजाडावे लागले, आणि तोवर महाराज तेथूनही निसटून स्वदेशी आले होते. याही वेळी त्यांच्यापाशी फार सामान असेल असे वाटत नाही.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर आता आमच्यापाशी आहे. जिंजीस जाण्याच्या आदल्या रात्री उघडी राहिलेली ती तिसरी पेटी शेवटी मिटली. दोन पेट्यांची एक झाली. प्रत्येकी अंगावरचा एक आणि पेटीतला एक असे दोन जोड, एक पंचा, एक शाल. एवढे तीन दिवसांस पुरले आणि कोणाचे काही अडले नाही. किल्ल्याच्या पायऱ्या चढून आल्यावर संध्याकाळी धर्मशाळेच्या नळावर घरातील लहान मुलाने न सांगता आजीच्या पायांवर पाणी घातले. आजी हसून म्हणाल्या, “हळू रे बाबा, कोणी पाहील!” तिला ही गोष्ट आम्ही गाडीत सांगितली होती.

परत आल्यावर आम्ही सारे काडु मल्लेश्वरास जाऊन आलो. देवळाबाहेर पायऱ्यांपाशी चपला काढताना नकळत वाटेकडे लक्ष गेले. कोणी वाटसरू येत होते, कोणी जात होते. प्रत्येकाच्या खांद्यावर काही ना काही पिशवी होती. त्यांत काय आहे ते पाहून कळण्यासारखे नव्हते. राजारामांच्या पडशीत काय होते तेही बंगळूरच्या लोकांस पाहून कळले नव्हते. त्यांना दिसली ती फक्त पाय धुणाऱ्याची ओंजळ.